पागेत पाऊल ठेवण्याआधी

पुण्यातली जुलैची पहाट. रात्रभर झिमझिम चालू होती आणि पागेच्या पत्र्यावरून पाणी अजून ठिबकत होतं. घोड्यांची पहिली खेप ट्रॅकवरून परतली होती. सईसमामांनी आमच्या घोड्याला धुऊन पुसून बॉक्ससमोर उभं केलं आणि स्वतः त्याच्या पुढच्या पायांशी उकिडवे बसले. गुडघ्याच्या खालून तळवा हळूहळू खुरापर्यंत सरकवत नेला. आधी उजव्या पायावरून, मग डाव्या. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. डाव्या पायाच्या मागच्या बाजूला एका जागी बोटं थांबली. मान वर न करता ते म्हणाले, "साहेब, डावा जरा ऊन लागतोय."

मीही हात लावून पाहिला. मला दोन्ही पाय सारखेच लागले.

शर्यत चार दिवसांवर होती. आमच्या घोड्याची ती पहिलीच शर्यत. साताऱ्याहून काका, दोन आत्या, त्यांची मुलं असे अकरा जण यायचे होते. आमच्या रंगांचा जॉकीचा अंगरखा शिवून आला होता आणि तो घरी दोनदा घडी मोडून सगळ्यांना दाखवून झाला होता. ट्रेनर म्हणाले, "माझं मत विचाराल तर नको. पण घोडा तुमचा आहे." आम्ही चार भागीदार. दुपारभर फोन चालले. दोघांचं म्हणणं पडलं, एवढ्याशा उष्णतेने काय होतंय, पळवू या. संध्याकाळी शेवटी नाव मागे घ्यायचं ठरलं. दोन दिवसांनी पायाची सोनोग्राफी झाली, तिच्यात काही दिसलं नाही. आठवड्याभरात पाय थंड झाला. घोडा सप्टेंबरात पळाला आणि चौथा आला. जुलैत पळवला असता तर त्याची शीर गेली असती की काहीच झालं नसतं, हे मला आज इतक्या वर्षांनंतरही सांगता येणार नाही.

हा प्रसंग सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की पहिल्यांदा घोडा घेणारा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात. कुठला घोडा घेऊ? किती पैसे लागतील? जिंकायला किती दिवस लागतात? आज पळवायचा नाही हे कसं ठरवायचं, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही. घोड्याला व्यायाम ट्रेनर देतो, त्याच्यावर बसतो जॉकी, त्याला खायला घालतो, खरारा करतो आणि त्याच्या शेजारी झोपतो तो सईस. मग मालकाच्या वाट्याला उरतं काय? पैसे देणं उरतं, आणि "थांबा" म्हणण्याचा अधिकार उरतो. या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत वंशावळ आहे, करार आहेत, नोंदणीचे अर्ज आहेत. ते सगळं लागतंच. पण ते या एका अधिकाराच्या आधाराने वाचावं, एवढी माझी विनंती आहे.

थरोब्रेड ही जात माणसाने एकाच कामासाठी घडवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात पूर्वेकडचे तीन घोडे इंग्लंडात गेले: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आज जगात कुठेही धावणाऱ्या थरोब्रेडच्या बापाची रेषा मागे नेत गेलात तर या तिघांपैकी एकाशी जाऊन थांबते, बहुतेक वेळा डार्ली अरेबियनशी. ही वंशावळ सांभाळण्याचे नियम फार कडक आहेत. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी प्रत्यक्षच एकत्र यावी लागतात. आपल्याकडे ही नोंद भारतीय स्टड बुकात होते. डीएनए तपासून आईबाप पक्के केले जातात, मानेत मायक्रोचिप बसते, आणि नावही मंजूर करून घ्यावं लागतं. मधल्या मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांच्या आत ते रोमन लिपीत मावलं पाहिजे. मराठी नाव ठेवायची हौस असेल तर आधी इंग्रजी स्पेलिंग मोजून घ्या.

वयाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. शिंगरू जानेवारीत जन्मो की मेमध्ये, पुढच्या १ जानेवारीला ते एक वर्षाचं धरलं जातं. म्हणजे कागदावर एकाच वयाची असलेली दोन शिंगरं प्रत्यक्षात चार-चार महिन्यांनी लहानमोठी असू शकतात. कोवळ्या वयात चार महिने म्हणजे हाडांच्या मजबुतीत केवढा फरक! मेमध्ये जन्मलेल्या शिंगराला जानेवारीतल्याच्या बरोबरीने पळवायची घाई करणारे मालक मी पाहिले आहेत. या हिशेबामुळे आपल्याकडे एक गंमतही झाली आहे. इंग्लंडच्या डर्बीत तीन वर्षांचे घोडे उन्हाळ्यात धावतात. आपली इंडियन डर्बी हिवाळ्यात, साधारण फेब्रुवारीत असते, त्यामुळे नवं वर्ष लागून गेलेले चार वर्षांचे घोडे तीत धावतात. अंतर जवळपास तेच, २४०० मीटर.

या खेळाचा इथला मुक्काम जुना आहे. पुण्याचं रेसकोर्स १८३० चं. मुंबईत शर्यती आधी भायखळ्याला होत, मग १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीवर भराव घालून आजचं मैदान उभं राहिलं. दोन्ही मैदानं रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे, आणि मधे घोड्यांचे ट्रक घाट चढतात-उतरतात. महालक्ष्मीच्या जागेतली १२० एकर अलीकडेच सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे गेली. शर्यतीचा ट्रॅक राहिला आहे, पण या खेळाखालची जमीन कायमची आपली नाही, हे नव्या मालकाने धरून चालावं.

इंडियन डर्बी पहिल्यांदा १९४३ मध्ये महालक्ष्मीला झाली आणि ती 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. तिचे मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. याच महाराजांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं, तोवर तिथे एवढी बोली एक वर्षाच्या कोणत्याच शिंगराला लागली नव्हती. त्याचं नाव त्यांनी 'सयाजीराव' ठेवलं. १९४७ मध्ये सयाजीरावाने आयरिश डर्बी आणि डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली. मराठी नाव घेऊन इंग्लंडातल्या पाच क्लासिक शर्यतींपैकी एक जिंकणारा घोडा! मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पण नव्या माणसाने यातून एक चुकीचा धडा घेऊ नये. किंमत आणि वेग यांचं नातं इतकं सरळ नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत 'स्नाफी डान्सर' हे शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरना विकलं गेलं, ते एकदाही शर्यतीत उतरलं नाही. त्याच्या आठ वर्षं आधी 'सिअ‍ॅटल स्लू' साडेसतरा हजार डॉलरला गेला होता, त्याने १९७७ मध्ये अमेरिकेची ट्रिपल क्राउन जिंकली. दोन्ही वेळा घेणारे अडाणी नव्हते.

मग शिंगराचं बघायचं काय? आमच्याकडे पुण्याच्या आसपास स्टड फार्म आहेत, ही महाराष्ट्रातल्या माणसाची मोठी सोय आहे. मांजरी, तळेगाव, येरवडा ही नावं घोडेवाल्यांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या आहेत. फार्मवर जाल तेव्हा कागद बाजूला ठेवून आधी चाल बघा. शिंगरू तुमच्या दिशेने सरळ चालत येऊ द्या, मग पाठमोरं जाऊ द्या, मग बाजूने. पाय आत किंवा बाहेर फेकतं का? मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो का? पुढचे गुडघे समोरून सरळ आहेत का? दोन्ही जबड्यांच्या मधे मूठ मावते का, म्हणजे श्वासाला वाट आहे का? यानंतर वंशावळ बघा, आणि वंशावळीतही बापापेक्षा आई अधिक लक्ष देऊन बघा. एका स्टॅलियनची वर्षाला डझनावारी पिलं होतात, त्यांतली एकदोन तेज निघणारच. घोडीला वर्षाला एकच होतं, अकरा महिने पोटात वाढवून. तिच्या आधीच्या पिलांनी काय केलं, हे विचारा.

आणि सौदा करण्याआधी स्वतःचा पशुवैद्य नेऊन एक्स-रे काढून घ्या. श्वासनलिकाही दुर्बिणीने तपासून घ्या. हे मी तळमळीने लिहितो, कारण आम्ही ते केलं नव्हतं. आमचा दुसरा घोडा आम्ही डोळ्यांना भावला म्हणून घेतला. विकणाऱ्याने "सगळं ठीक आहे" म्हटलं आणि आम्ही चहा पिऊन हात मिळवला. सहा महिन्यांनी कळलं, की त्याच्या पुढच्या गुडघ्यात हाडाचा सुटा कपचा होता. शस्त्रक्रिया झाली, घोडा बरा झाला, पण पळण्यासारखा राहिला नाही. ते निवांत, गुणी जनावर होतं. आम्ही डोळसपणे पाहिलं असतं तर त्याला शर्यतीसाठी घेतलंच नसतं, आणि त्याच्या वाट्याला ते ऑपरेशन आलं नसतं.

शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. नव्या मालकापुढेही या दोन वाटा आहेत. घोडा विकत घ्यावा, किंवा लीजवर घ्यावा. लीजमध्ये घोडा मूळ मालकाचाच राहतो, ठरलेल्या मुदतीपुरता तो तुमच्या रंगांत धावतो, खर्च तुम्ही करता आणि बक्षिसातला ठरलेला वाटा त्याला जातो. पहिल्या वर्षी बारगिरी करायला काहीच हरकत नाही, माझं तर आग्रहाचं सांगणं तेच आहे. घोडा कळायला वर्ष लागतं, आपल्याला हे झेपतं का हे कळायला त्याहून जास्त.

तिसरी वाट भागीदारीची. मध्यमवर्गातला माणूस आज मालक होऊ शकतो तो बहुधा याच वाटेने. एकेकाळी मालक म्हणजे संस्थानिक आणि गिरणीमालक. आज पॅडॉकमध्ये डॉक्टर, वकील, बांधकामवाले, निवृत्त बँक अधिकारी पाव हिश्श्याचे मालक म्हणून उभे असतात, आणि त्यांची छाती तेवढीच धडधडत असते. पण भागीदारी लेखी करा. कोण किती देणार, महिन्याच्या कोणत्या तारखेला देणार, एखाद्याने देणं थांबवलं तर काय, घोडा कधी विकायचा, आणि पळवायचं की नाही हे कोण ठरवणार. शेवटचा मुद्दा सर्वांत आधी लिहा. आमच्यातला एक जण दुसऱ्या वर्षी पैसे द्यायचा थांबला. शाळेपासूनचा मित्र होता. त्याच्या वाट्याचे पैसे आम्ही तिघांनी सात महिने भरले, आणि तोंडाने कोणीच काही बोललो नाही. ती मैत्री पुढे पूर्वीसारखी कधीच झाली नाही. कागदावर चार ओळी असत्या, तर ती बहुधा टिकली असती.

खर्चाचं गणित उलटं आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. घोड्याची किंमत एकदाच द्यावी लागते. त्याचं पोट रोज भरावं लागतं. ट्रेनरचं मासिक बिल येतं त्यात ओट, हरभरा, लसूणघास, बिछान्याचा भुसा, सईस आणि रायडिंग बॉय यांचे पगार येतात. नालबंद वेगळा, कारण दर तीनचार आठवड्यांनी नाल बदलावेच लागतात. डॉक्टर आणि औषध वेगळं, मुंबई-पुणे वाहतूक वेगळी, शर्यतीची प्रवेश फी वेगळी. घोडा आजारी पडून तीन महिने उभा राहिला तरी यातलं फारसं काही कमी होत नाही. म्हणून पहिला घोडा घेताना किमतीएवढीच रक्कम त्याच्या पुढच्या दोन वर्षांच्या पोषणासाठी बाजूला काढून ठेवता येते का, ते बघा. येत नसेल तर स्वस्तातला घोडा घ्या, किंवा हिस्सा लहान घ्या.

उत्पन्नाची बाजू म्हणजे बक्षिसाची रक्कम, आणि ती येते कुठून हे समजलं पाहिजे. पुरस्कर्ते असतात, पण मुख्य आधार असतो लोकांच्या पैजेतून क्लबला मिळणारा वाटा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ म्हटलं, त्यामुळे हे सगळं कायद्याच्या चौकटीत चालतं. पण २०१७ मध्ये पैजेवर २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. पैज महाग झाली की माणूस क्लबच्या खिडकीवरून बेकायदा बुकीकडे वळतो, क्लबची मिळकत आटते, आणि त्याची झळ शेवटी बक्षिसाला, म्हणजे मालकाला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या सईसाच्या घराला बसते. मला हे धोरण चुकीचं वाटतं. आयकराचा एक नियमही ठाऊक असू द्या: १९६१ च्या कायद्याने घोडे बाळगण्यातला तोटा फक्त त्याच कामातल्या उत्पन्नातून वजा करू दिला, आणि तोही पुढच्या चार वर्षांतच. दुकानाच्या किंवा नोकरीच्या उत्पन्नातून हा तोटा वळता होईल, या भ्रमात राहू नका. त्या कायद्याच्या जागी आलेला नवा कायदा आणि तुमचा हिशेब घेऊन सनदी लेखापालाकडे आधी जा, स्टड फार्मवर नंतर.

ट्रेनर निवडताना त्याने किती शर्यती जिंकल्या ते सगळेच बघतात. मी सांगतो, त्याच्या पागेत त्याला आधी न कळवता सकाळी जा. सईस किती वर्षं टिकून आहेत? घोडे माणूस आला की पुढे येतात की मागच्या भिंतीला लागतात? बिछाना कोरडा आहे का? आणि ट्रेनर तुम्हाला वाईट बातमी किती लवकर सांगतो? चांगली बातमी तर सगळेच सांगतात.

आता घोड्याच्या पायाबद्दल, कारण या सगळ्या डोलाऱ्याचा भार त्याच्यावर आहे. थरोब्रेडचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. स्वस्थ उभा असताना त्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, शर्यतीत ते दोनशेच्या वर जातं. भरधाव असताना प्रत्येक ढांगेला त्याचा एक श्वास होतो, ढांग आणि श्वास एकमेकांशी बांधलेले. आणि एवढं वजन तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने ज्या पायावर पडतं त्याला गुडघ्याखाली स्नायूच नाही. हाड, शिरा म्हणजे कंडरा, अस्थिबंध आणि वर कातडं, बस्स. त्या शिरेला रक्ताचा पुरवठा तोकडा असतो, म्हणून ती एकदा फाटली की भरून यायला महिनोन् महिने लागतात, आणि भरली तरी पहिल्यासारखी लवचीक राहत नाही. ती फाटण्याआधी अनेकदा आतले धागे थोडे थोडे तुटत असतात. त्याची बाहेरून लागणारी खूण म्हणजे किंचित सूज आणि उष्णता. सईसमामांचा तळवा रोज पहाटे शोधत होता ते हेच. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं होतं. कोणत्या शाळेत ते शिकले नव्हते.

आणि एक दिवस घोडा थांबतो. साधारण सहासात वर्षांचा झाला की बहुतेक घोड्यांची शर्यत संपते, आणि घोडा पंचवीस वर्षं जगू शकतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग शर्यतीनंतरचा. चांगल्या घोडीला स्टड फार्मवर जागा मिळते. काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये जातात. पुण्यातली एक वाट तर जगाला उपयोगी पडली: पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तातून सीरम तयार होई, आणि त्यातूनच सायरस पूनावालांना १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढायचं सुचलं. पण ज्यांची कुठेच सोय लागत नाही असेही घोडे असतात. कोणाच्या तरी हाती पडतात, हातोहात विकले जातात, आणि शेवटी उन्हात वरातीपुढे किंवा पर्यटकांच्या ओझ्याखाली उभे दिसतात, नाल झिजलेले, बरगड्या मोजता येतील असे. घोडा घेण्याच्या दिवशीच त्याच्या निवृत्तीची जागा ठरवा आणि त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाका. ज्याला हे जमणार नाही त्याने घोडा घेऊ नये, असं मला वाटतं. आमचा तो चौथा आलेला घोडा पुढे दोन शर्यती जिंकला. आज तो एका रायडिंग स्कूलमध्ये आहे आणि दहा वर्षांच्या मुली त्याच्यावर बसायला शिकतात.

पुस्तक पुढे आहे, ते सावकाश वाचा. पण त्याआधी, येत्या पावसाळ्यात, काहीही विकत न घेता, ओळखीच्या मालकाला किंवा ट्रेनरला सांगून परवानगी काढून पुण्याच्या ट्रॅकवर सकाळी सहाला या. छत्री एकदम उघडू नका, घोडे बुजतात. अत्तर लावू नका. पहिली खेप परतू द्या, अंगावरची वाफ निवू द्या. मग घोड्याच्या मागून किंवा थेट तोंडासमोरून न जाता डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जा. सईसाला विचारा. तो तुमचं मनगट धरेल, तळवा गुडघ्याच्या खाली, पायाच्या मागच्या बाजूला टेकवेल आणि म्हणेल, आता हा पाय बघा, आता तो.